सिटकॉममधले नर्ड आणि त्यावरून होणारी भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिटकॉममधला नर्ड म्हणजे नेमका कोण?

सिटकॉममध्ये, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांत, दोन वेगळी माणसं धरून एकाच चष्म्यामागे बसवलेली असतात. एक म्हणजे हुशार, अभ्यासू, फिजिक्स नाहीतर कम्प्युटरवाला. दुसरा छंदिष्ट, ज्याला कॉमिक्स, स्टार ट्रेक, व्हिडिओ गेम्स, डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ) असल्या गोष्टींचं वेड असतं. खऱ्या आयुष्यात हे दोघं एकाच माणसात असतीलच असं अजिबात नाही, कितीतरी प्राध्यापकांनी जन्मात कॉमिक उघडलेलं नसतं आणि कॉमिक्सचे मोठे जाणकार गणितात काठावर पास झालेले असतात. पण सिटकॉमकडे वेळ असतो वीस-बावीस मिनिटं, त्यात माणूस झटकन ओळखू यायला हवा, म्हणून दोघांना एक करून टाकतात. ही सरमिसळ लक्षात ठेवा, पुढची जवळजवळ सगळी भांडणं इथूनच निघतात.

बिग बँग थिअरी या मालिकेच्या आधी काय परिस्थिती होती?

वाईट होती. अमेरिकेत १९८९ ते १९९८ चाललेल्या फॅमिली मॅटर्समधला स्टीव्ह अर्कल बघा. शिकागोतल्या विन्सलो कुटुंबाचा शेजारी, वर खेचलेली पँट, गॅलस, मोठा चष्मा, चिरका आवाज. हे पात्र खरं तर एखाद्या भागापुरतं आणलेलं, पण जलील व्हाइटनं ते असलं रंगवलं की पुढे सगळी मालिकाच त्याच्याभोवती फिरायला लागली. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती म्हणजे स्टीव्ह स्वतःला बदलायचं एक मशीन बनवतो, त्यातून स्टेफान नावाचा देखणा, गुळगुळीत बोलणारा माणूस बाहेर येतो आणि मग इतकी वर्षं ज्या लॉराच्या मागे तो फिरतोय ती त्याच्यावर भाळते. म्हणजे हुशारी वापरायची कशासाठी, तर स्वतःला पुसून टाकायला. त्या काळात हे कुणाला खटकलंही नसेल फारसं, नर्डनं सुधारावं हीच गोष्टीची दिशा असायची.

मग बिग बँग थिअरीनं वेगळं काय केलं?

शेल्डन, लेनर्ड आणि राज हे भौतिकशास्त्रज्ञ आणि हॉवर्ड हा इंजिनीअर, अशा चौघा नर्ड मित्रांना मध्यभागी आणलं आणि तिथेच राहू दिलं. चक लॉरी आणि बिल प्रेडी यांनी ही मालिका काढली, प्रेडी स्वतः आधी कम्प्युटर प्रोग्रामर होते आणि त्यांनी जवळून बघितलेली माणसं हा त्यातला कच्चा माल होता. २४ सप्टेंबर २००७ ला सीबीएस या अमेरिकन चॅनलवर सुरू झाली, १६ मे २०१९ ला संपली, १२ सीझन आणि २७९ भाग. स्टेजसारख्या सेटवर अनेक कॅमेऱ्यांनी शूट होणाऱ्या अमेरिकन सिटकॉममध्ये चिअर्सचे २७५ भाग होते, ही त्याच्याही पुढे गेली. जिम पार्सन्सला शेल्डनसाठी ४ एमी पुरस्कार (अमेरिकन टीव्हीतला मोठा मान) मिळाले. ब्राझीलमधल्या एका मधमाशीच्या जातीच्या शास्त्रीय नावात 'बाझिंगा' आहे, शेल्डनच्या लाडक्या शब्दावरून. बेलारूसमध्ये तर कुणालाही न विचारता जवळजवळ अशीच्या अशी मालिका काढली होती आणि ही चोरी आहे हे कळल्यावर तिथल्या कलाकारांनीच काम सोडलं. एवढी ती जगभर पोचली होती.

एवढी गाजली तर लोक तिच्यावर चिडतात का?

माझं मत स्पष्ट सांगतो. ही मालिका विज्ञानाशी प्रामाणिक वागली आणि छंदांशी नाही. म्हणून तुम्ही कुठल्या दारातून आत आलात त्यावर तुमचं मत ठरतं. लॅबमधून आलेल्या माणसाला आपल्या जगाचा मान ठेवल्यासारखं वाटतं, कॉमिक्सच्या दुकानातून आलेल्याला थोबाडीत मारल्यासारखं. दोघंही खरं बोलतायत, दोघंही वेगवेगळ्या प्रसंगांवर बोट ठेवतायत, म्हणून वाद कधी संपत नाही.

उदाहरण म्हणून पहिल्याच सीझनमधला टाइम मशीनचा भाग घ्या. लेनर्ड एका जुन्या सिनेमातलं टाइम मशीन ऑनलाइन विकत घेतो, ते निघतं माणूस बसेल एवढं, जिन्यात अडकतं, समोरच्या घरात राहणाऱ्या पेनीचा कामावर जायचा वेळ चुकतो आणि ती भडकते की मोठी माणसं आहात, खेळणी काय जमवता. लेनर्ड रडवेला होऊन सगळा संग्रह विकायला काढतो. नंतर पेनी येऊन माफी मागते, आपल्याला जे आवडतं ते जपावं असं म्हणते, आणि ते मनापासून म्हणते. म्हणजे लिहिणाऱ्यांना ही जखम नीट माहीत होती! पण तरीही पुढची अनेक वर्षं 'हे लोक अजून खेळण्यांशी खेळतात' हाच विनोद ते फिरवून फिरवून वापरत राहिले. नुसतं एखाद्या गेमचं नाव घेतलं की प्रेक्षक हसतात, त्या वाक्यात दुसरं काहीच नसतं. जे लोक तो गेम खरंच खेळतात त्यांना प्रश्न पडणारच की बाबा यात हसण्यासारखं काय होतं.

त्यातलं सायन्स खरं असतं का?

हो, आणि यासाठी त्यांना पूर्ण मार्क. यूसीएलएमधले (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड सॉल्ट्झबर्ग मालिकेचे सायन्स सल्लागार होते, मागच्या व्हाइटबोर्डवरची समीकरणं खरी असायची, बऱ्याचदा ताज्या संशोधनाशी जोडलेली. सामान्य प्रेक्षकाला ती कधीच कळणार नव्हती तरी ती नीट लिहिली जायची, याला मी आदर म्हणतो. स्टीफन हॉकिंग २०१२ मध्ये स्वतः आले, नोबेलवाले जॉर्ज स्मूट आले, किप थॉर्न आणि फ्रान्सिस अरनॉल्ड आले. शेल्डनच्या मैत्रिणीचं, एमीचं, काम करणारी मायिम बियालिक तर खरोखरची न्यूरोसायन्समधली पीएचडी आहे, यूसीएलएची, २००७ ची. पात्रांची नावंसुद्धा बघा, कूपर आणि हॉफस्टॅटर ही दोन्ही आडनावं नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञांची. आणि २०१५ मध्ये चक लॉरी यांच्या फाउंडेशननं आणि मालिकेतल्या लोकांनी मिळून यूसीएलएमध्ये विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या पण पैशांची अडचण असलेल्या मुलांसाठी ४० लाख डॉलरहून जास्त रकमेची स्कॉलरशिप उभी केली. टीका करताना हे विसरू नये.

बायकांचं चित्रण हा वेगळा वाद आहे का?

वेगळा आहे आणि जास्त गंभीर आहे. सुरुवातीला पेनी एकटीच, तिचं काम म्हणजे प्रेक्षकांच्या वतीनं "काय बोलताय तुम्ही" असा चेहरा करणं. हॉवर्ड पहिल्या काही सीझनमध्ये बायकांशी जे वागतो ते आज बघवत नाही, मालिका त्याला 'बिचारा, जमत नाही त्याला' म्हणून सोडून देते, आणि हे फार चुकीचं आहे कारण असल्या वागण्याचा त्रास कॉलेजात आणि ऑफिसात मुलींना खरोखर होतो. हॉवर्डची पुढे बायको होणारी बर्नाडेट आणि एमी आल्यावर, म्हणजे तिसऱ्या सीझनपासून, चित्र बरंच सुधारलं, एक मायक्रोबायॉलॉजिस्ट आणि एक न्यूरोबायॉलॉजिस्ट, दोघी कामात पक्क्या.

पण विज्ञानात जागा मिळाली तरी छंदात मिळाली नाही. मालिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानात बाई शिरली की सगळे पुरुष वळून बघतात, हा विनोद कितीदा आलाय. आणि बायका कॉमिक्स वाचतात, पूर्वीपासून वाचत आल्यात, दुकानं चालवतात, कॉमिक्स काढतात. २०१३ च्या जानेवारीतला एक भाग मला यासाठी फार आवडतो आणि फार सतावतोसुद्धा. चौघं मित्र स्टार ट्रेकचे कपडे घालून कन्व्हेन्शनला निघालेत, वाटेत गाडी चोरीला जाते, त्या कपड्यांत त्यांची नाचक्की होते, हा नेहमीचा भाग. पण घरी पेनी, एमी आणि बर्नाडेट ठरवतात की आपल्या माणसांना हे एवढं काय आवडतं ते बघूया, दुकानात जातात, थोरचं कॉमिक आणतात, आधी म्हणतात हा काय पोरकटपणा, आणि मग थोरचा हातोडा, जो फक्त 'लायक' माणसालाच उचलता येतो, तो नक्की कुणाला उचलता येईल यावरून तिघी अशा काही भांडतात की बास! तो सीन म्हणजे या छंदाचं सगळ्यात खरं चित्र आहे, नियम काय, अपवाद काय, 'लायक' म्हणजे नक्की काय, यावर मोठी माणसं तावातावानं वाद घालतायत आणि त्यांना मजा येतेय. पण मालिका त्या तिघींना पुन्हा त्या दुकानात रमू देत नाही. एका भागापुरती गंमत, मग परत जैसे थे. हातात आलेलं सोनं सोडून दिलं असं मला दर वेळी वाटतं.

तो मागचा हशा काढून टाकला तर मालिका क्रूर वाटते असं म्हणतात, खरंय?

अर्धं खरं. यूट्यूबवर हशा काढलेले तुकडे फिरतात, त्यात एक जण काहीतरी बोलतो आणि मग सगळे नुसते थिजून उभे. पण ही मालिका बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून शूट व्हायची, कलाकार हसण्यासाठी जागा सोडूनच वाक्य टाकतात, नाटकात टाळी पडेपर्यंत नट थांबतो तसं. ती जागा रिकामी केली तर कुठलीही अशी मालिका विचित्रच दिसणार. त्यामुळे तो पुरावा म्हणून मला पटत नाही. हशा आहे की नाही यापेक्षा तो कुठे पडतो ते बघा.

आयटी क्राउडमध्येही हशा आहे, मग ती नर्ड लोकांना एवढी प्रिय कशी?

कारण तिथे हशा बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर पडतो. चॅनल फोरची ब्रिटिश मालिका, २००६ ते २०१० आणि शेवटचा खास भाग २०१३ ला, लेखक ग्रॅहम लिनहन. रेनम इंडस्ट्रीज नावाच्या चकाचक कंपनीच्या तळघरात रॉय आणि मॉस बसलेत, फोन उचलला की पहिलं वाक्य "बंद करून परत चालू करून बघितलं का". सपोर्टला काम केलेल्या कुणालाही हे लागतंच. २००८ मधल्या एका भागात ते आपल्या मॅनेजरला, म्हणजे जेनला, लाल दिवा लागलेला एक छोटा काळा डबा देतात आणि सांगतात हेच इंटरनेट. ती बिचारी विश्वास ठेवून स्टेजवर भाषणात दाखवते, यांना वाटत असतं आता सगळे तिला हसणार, आणि समोर बसलेले मोठे मोठे साहेब लोक सगळे भक्तिभावानं त्या डब्याकडे बघत बसतात. विनोद कळायला तुम्हाला थोडी माहिती लागते आणि ती ज्याच्याकडे आहे तो हसणाऱ्यांच्या बाजूला बसतो. सगळा फरक इथे आहे.

हां, तीसुद्धा निर्दोष नाही. जेनला कम्प्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नाही हा विनोद चार सीझन ताणलाय, तिला तंत्रज्ञ मैत्रीण एखादी तरी द्यायची.

छंद सगळ्यात चांगला कुठे दाखवलाय?

कम्युनिटी, दुसरा सीझन, २०११ च्या फेब्रुवारीतला डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा भाग. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

कम्युनिटी ही डॅन हार्मन यांची, एनबीसीवर २००९ ला सुरू झालेली, ग्रीनडेल नावाच्या साध्याशा कम्युनिटी कॉलेजात एकत्र अभ्यास करणाऱ्या सात जणांची गोष्ट. कॉलेजात नील नावाचा मुलगा आहे, त्याच्या अंगकाठीवरून लोक त्याला चिडवतात, तो इतका खचलाय की त्याच्या जिवाची काळजी वाटावी. त्याला हा गेम आवडतो म्हणून ग्रुप त्याच्यासाठी एक डाव मांडतो. त्यातला आबेद डाव चालवतो. आणि मग काय होतं, तर सगळे एका टेबलाभोवती बसून बोलतात. बास. राजवाडे नाहीत, ड्रॅगन नाही, कुणी वेषात नाही (एक अपवाद सोडून, त्यावर खाली), फक्त कागद, फासे, आवाज आणि संगीत. ग्रुपमधल्याच पिअर्सला बोलावलेलं नसतं, तो दुखावून येतो आणि खेळातच नीलची तलवार चोरतो, आणि तुम्ही सोफ्यावर बसून त्या न दिसणाऱ्या तलवारीसाठी अक्षरशः कासावीस होता.

ज्यानं हा गेम कधी खेळलाय तो सांगेल की हे असंच असतं. विनोद भरपूर आहेत पण 'फासे टाकतायत, हसा' असा एकही नाही. खेळ हा माणसाला जगवणारा आहे हे त्या भागाला पक्कं ठाऊक आहे, आणि न खेळलेल्या प्रेक्षकालाही ते कळतं, समजावून न सांगता.

तो अपवाद: एक पात्र, चँग, काळा रंग फासून एल्फ बनून येतो. तो रंग काळ्या लोकांच्या जुन्या टिंगलीची आठवण करून देतो म्हणून २०२० मध्ये नेटफ्लिक्सनं हा भाग काढून टाकला. आक्षेप समजण्यासारखा आहे, पण त्या काही क्षणांसाठी एवढा मायेनं लिहिलेला अख्खा भाग जावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिलिकॉन व्हॅली यात मोडते का?

मोडते, पण तिथले नर्ड दुबळे नाहीत, त्यांच्या हातात पैसा आणि सत्ता येऊ शकते, त्यामुळे टवाळीचा रंगच बदलतो. एचबीओची स्टार्टअपवाल्या प्रोग्रामरांवरची मालिका, २०१४ ते २०१९. त्यातलं डेटा कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्याचं तंत्र, पटावं म्हणून स्टॅनफर्डच्या प्राध्यापक त्साची वाइसमन यांची मदत घेतली होती, मालिकेतला 'वाइसमन स्कोअर' त्यांच्याच नावाचा. पुण्यात-बंगळुरात स्टार्टअपमध्ये घासलेल्या लोकांना ती कॉमेडी कमी आणि ऑफिसची आठवण जास्त वाटते.

राज कूथरापल्लीबद्दल आपल्या लोकांत दोन तट का?

कारण २००७ मध्ये अमेरिकन प्राइम टाइमवर मुख्य पात्रांत एक भारतीय असणं ही मोठी गोष्ट होती आणि तरी त्याला दिलेलं काम लहान होतं. राजचं काम करणारा कुणाल नय्यर दिल्लीत वाढलेला, टायमिंग उत्तम, पण राज पहिले सहा सीझन दारू प्यायल्याशिवाय बायकांशी बोलूच शकत नाही, म्हणजे निम्म्या सीनमध्ये तो गप्प. शिवाय उच्चार, जेवण, लॅपटॉपवरून लग्नासाठी मागे लागलेले आईबाप. यातलं शेवटचं तर अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पोरांना इतकं ओळखीचं आहे की ते हसतात, आणि तेच दुसऱ्या कुणी हसलं की त्यांना टोचतं.

माधुरी दीक्षितचं प्रकरण वेगळं. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात ऐश्वर्या की माधुरी यावर शेल्डन आणि राजची जुंपते आणि राज माधुरीबद्दल अत्यंत गलिच्छ शब्द वापरतो. त्यावरून २०२३ मध्ये नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीस गेली. माझ्या मते ते वाक्य नुसतं अपमानकारक नाही, ते खोटंही आहे. दिल्लीत सिनेमे बघत वाढलेला कुठला मुलगा माधुरीबद्दल असं बोलेल? स्टार ट्रेकच्या एका वाक्यासाठी जेवढी काळजी घेतली त्याच्या निम्मी इथे घेतली असती तरी ते वाक्य राजच्या तोंडी आलं नसतं.

शेल्डन ऑटिस्टिक आहे का?

तसं त्याला लिहिलेलं नाही असं मालिका करणाऱ्यांनी सांगितलंय, आणि मालिकेत तो स्वतः "आईनं माझी तपासणी करून घेतली होती" म्हणत राहतो. यावर मतं टोकाची आहेत. काही ऑटिस्टिक प्रेक्षकांना तो हवाहवासा वाटतो, ठरलेली जागा, ठरलेलं जेवण, स्पर्श नको, हे सगळं असूनही त्याला मित्र आहेत, लग्न होतं, नोबेल मिळतं. काहींना वाटतं की नाव न देता लक्षणं तेवढी वापरली म्हणजे हसायची मोकळीक मिळाली आणि जबाबदारी टळली. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. तरी २००८ च्या ख्रिसमसच्या भागात पेनी त्याला लेनर्ड निमॉयनं, म्हणजे स्टार ट्रेकमधल्या स्पॉकचं काम करणाऱ्या नटानं, सही केलेला, तोंड पुसलेला नॅपकिन देते आणि तो भांबावून, कसाबसा, तिला मिठी मारतो, तो सीन बघताना मी कुठलीच बाजू घेऊ शकत नाही. तिथे त्याच्या वेडाला कुणी हसत नाहीये, कुणीतरी ते वेड ओळखून त्याला भेट दिलीय.

हे सगळं मराठी घरात वेगळं का दिसतं?

अमेरिकन शाळेत खेळाडू वर आणि पुस्तकी किडा खाली, निदान टीव्हीवर तरी. आपल्याकडे दहावी-बारावीत पहिल्या आलेल्यांचे फोटो क्लासवाले चौकात फ्लेक्सवर लावतात. त्यामुळे हुशार मुलगा म्हणजे लूझर हा विनोदच आपल्याला नीट पोचत नाही, फिजिक्समध्ये पीएचडी करणारा मुलगा म्हणजे अख्ख्या सोसायटीत पेढे. पण तोच मुलगा तिशीत कॉमिक्स वाचताना दिसला की "अजून लहान आहेस का रे?" म्हणजे बिग बँग थिअरीची जी वाटणी आहे, अभ्यासाला मान आणि छंदाला टोमणा, ती आपल्या घरातल्या वाटणीशी तंतोतंत जुळते. म्हणून आपल्याकडे ही मालिका खटकली कमी आणि आवडली जास्त असं मला वाटतं, विशेषतः इंजिनीअरिंग हॉस्टेलांवर, जिथे हार्ड डिस्कवरून सीझनच्या सीझन फिरायचे. आणि हॉवर्डला 'फक्त मास्टर्स' म्हणून शेल्डन जे टोमणे मारतो ते इंजिनीअर पोरांनी फार मनावर घेतलेले आहेत, तो २०१२ मध्ये अंतराळात जातो तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडली असतील.

आता तर सगळेच सुपरहिरो सिनेमे बघतात, मग हा वाद जुना नाही झाला?

विनोद जुने झाले, वाद नाही. मालिका सुरू झाली तेव्हा पहिला आयर्न मॅन यायचा होता, तो २००८ चा. ती संपली त्याच्या काही आठवडे आधी अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम आला आणि आपल्याकडेही पहाटेच्या शोला लोक गेले. ज्या गोष्टी आवडतात म्हणून शेल्डनला हसायचं होतं त्या मधल्या काळात घरातल्या सगळ्यांनाच आवडायला लागल्या. त्यामुळे आज पहिल्यांदा बघणाऱ्या कॉलेजच्या मुलीला प्रश्न पडतो की फ्लॅश या सुपरहिरोचा टीशर्ट घातला तर त्यात हसायचं काय. तिच्याशी वाद घालू नका, तिचं बरोबर आहे.

काहीच बघितलेलं नाही, कुठून सुरू करू?

आयटी क्राउडपासून करा, छोटी आहे. मग कम्युनिटीचे पहिले दोन सीझन सलग, तो गेमचा भाग सुटा बघू नका, नील आणि पिअर्स आधी माहीत असतील तर जास्त भिडतो. बिग बँग थिअरी बघायची असेल तर तिसऱ्या सीझनच्या शेवटापासून चौथ्यात शिरा, एमी आलेली असते. हशा सहनच होत नसेल तर यंग शेल्डन, २०१७ ते २०२४, त्यात मागे हसणारं कुणी नाही, टेक्ससमधलं एक साधं घर आहे, आणि शेल्डनच्या आईसाठी म्हणून तरी ती बघाच.